बळाची फांदी

गच्चीवर फळी होती, झाड नव्हतं. फळीचं लाकूड वर्षानुवर्षं पाणी पिऊन काळं पडलेलं आणि मधोमध कुंडीच्या मापाचा एक फिकट चौकोन. चिझुरु झारी भरून वर आली होती. ती तशीच उभी राहिली, झारी कलली आणि पाणी तिच्या सपातांवर सांडत राहिलं. आधी वाटलं, चोरी झाली. चोरी झाली असती तर बरं झालं असतं, चोराला निदान मनसोक्त शिव्या घालता येतात. पण खाली येऊन तिनं तोक्योला फोन लावला तेव्हा मासाकी, तिचा धाकटा भाऊ, काहीतरी चघळत होता. "अगं ताई, तू कामाला गेली होतीस तेव्हा दलाल येऊन घेऊन गेला. सांगायचं राहिलं. बाबा गेले, घर आता विकायचंच आहे, मग झाड कुठं ठेवणार होतीस? आणि बाबांचं होतं ते, म्हणजे दोघांचं. मी फक्त मार्गी लावलं." मग जरा थांबून, समजूत घातल्यासारखं, "झाडच तर होतं." झाडच तर होतं! बाप अंथरुणाला खिळल्यापासून त्या झाडाला रोज पाणी कोणी घातलं, त्याच्या पानांच्या सुया कोणी वेचल्या, वादळात कुंडी छातीशी धरून जिन्यात कोण बसलं? या शहाण्यानं गच्चीचा जिना शेवटचा कधी चढला होता देव जाणे. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथंच राहिली. तिनं फोन ठेवला. ओल्या सपाता दारात काढून ठेवल्या आणि दलालाचा नंबर शोधला.

झाड किनाशीला गेलं होतं, समुद्रापलीकडे, मिनौरा नावाच्या बोन्सायच्या वस्तादाच्या बागेत. तिनं त्याला फोन केला तेव्हा झाडाचं नावही काढलं नाही. का नाही काढलं, ते तिलाही सांगता आलं नसतं. परत मागितलं तर तो हसेल, आणि तो हसला तर आपण काय करू याची तिला भीती वाटली असावी. "शिकायचंय," ती म्हणाली.

"वय काय?"

"एकेचाळीस."

"वरातीमागून घोडं! इतके दिवस काय करत होतीस?"

"वडिलांच्या कारखान्यात लेथवर होते. स्क्रू बनवायचो."

"दहाही बोटं आहेत का शाबूत?"

"आहेत."

"मग ये. पगार नाही. खोली आणि जेवण. पहिली तीन वर्षं पाणी घालायचं, कात्रीला हात लावायचा नाही. आणि रडायचं असेल तर ओसाकातच रडून ये."

गावाचं नावच मुळी 'राक्षस नाही' असं. कोणे एके काळी कोणी शूर पोरगा येऊन सगळे राक्षस मारून गेला म्हणे. पूल ओलांडून गाडी आली, ती बॅग घेऊन त्या एवढ्याशा स्टेशनवर उतरली आणि पाटी वाचताना तिच्या मनात आलं, आता एक आला. स्टेशनापासून बागेपर्यंत दोन्ही बाजूंना शेतं होती आणि शेतांत भाताऐवजी रांगेनं पाइनची झाडं, वाकवून, बांधून, तारा गुंडाळून ठेवलेली. बघताना तिच्याच मानेला रग लागली. वस्ताद बुटका होता, त्याचे कान मोठे होते आणि तो तिच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघत बोलला. त्याच्या बायकोनं, नोबुएकाकूंनी, तिला उदोनच्या जाड शेवयांचा वाडगा दिला. ती खायला बसली आणि वाडग्याच्या कडेवरून पलीकडे पाहिलं तर भिंतीलगत, फुटक्या कुंड्यांच्या आणि नापास झाडांच्या रांगेत, ते उभं होतं. डावीकडची ती लांब फांदी हात पसरल्यासारखी बाहेर आलेली. तिच्या घशात शेवई अडकली. "तिखट लागलं का गं?" काकूंनी विचारलं. उदोनमध्ये तिखट नव्हतंच. ती हो म्हणाली.

वसंत गेला, उन्हाळा गेला, ती पाणी घालत राहिली. सकाळी घालायचं, दुपारी घालायचं, ऊन कडक असलं की पुन्हा संध्याकाळी. वस्ताद पाठमोरा बसून पाण्याच्या आवाजावरून ओरडायचा. "झाडाला पाणी घालतेयस की आग विझवतेयस?" आग विझवतच होती ती, पण विझत कुठं होती? रागाची एक गंमत असते, त्याला काम दिलं की तो नीट वागतो. लेथवरही असंच व्हायचं. धातूची कात फिरत फिरत खाली पडायची, तेल जळल्याचा वास यायचा आणि डोक्यातला संताप मापात बसायचा. क्योटोच्या रंगकामाच्या शाळेत तिला प्रवेश मिळाला होता तेव्हा ती अठराची होती. कापडावर नीळ चढते ते बघायचं, एवढंच तिला आयुष्यात हवं होतं. बाबा म्हणाले, "कारखान्यात माणूस कमी आहे. पुढच्या वर्षी बघू." आवाजात जरब नव्हती, उलट मायाच होती, तेच तर वाईट. पुढच्या वर्षी मासाकीच्या शिकवण्या आल्या. त्याच्या पुढच्या वर्षी आई गेली. मग मासाकी तोक्योला विद्यापीठात गेला आणि स्टेशनवर त्याला निरोप देताना बाबा तिच्याकडे वळून म्हणाले होते, "आता पुढच्या वर्षी नक्की." पुढचं वर्ष हे एखाद्या नातेवाइकासारखं झालं होतं, येणार येणार म्हणून त्याची गादी झटकून ठेवायची आणि त्यानं यायचं नाही.

आणि गच्ची. मासाकीच्या बारशाच्या दिवशी खाली पाहुणे भरले होते आणि सगळे त्या लाल गोळ्याभोवती जमलेले. ती रुसून वर जाऊन बसली होती. बाबा मागोमाग आले. दारूचा वास, गरम तळवा. त्यांनी तिला कडेवर घेतलं, एवढी मोठी झाली होती तरी, आणि झाडासमोर नेलं. शेंड्याला बोट लावून म्हणाले, "हा मासाकी." मग डावीकडच्या खालच्या फांदीला हात लावला, ती तेव्हाही बाकीच्या फांद्यांपेक्षा लांब होती. "आणि ही बघ, ही बळाची फांदी. हिच्यामुळं खोड उभं आहे. ही तू." तिनं ती फांदी मुठीत धरली, तळव्याला सुया टोचल्या. त्या एका वाक्यावर माणसानं जन्म काढावा? तिनं काढला. लेथवर उभं राहून पाय सुजले, मुलगी बघायला आलेले लोक बाबांचा खोकला ऐकून उठून गेले, तोक्योहून मासाकीचे 'जरा पाठव ना ताई' असे फोन आले, त्या प्रत्येक वेळी तिनं मनातल्या मनात ती फांदी मुठीत धरली. मी बळाची फांदी आहे. खोड माझ्यावर उभं आहे.

थंडीच्या तोंडाशी जुन्या सुया उपटायचे दिवस आले. वस्ताद आणि नोबुएकाकू तिपायांवर बसून सुया उपटत होते. चिझुरु नळी घेऊन मागच्या रांगेला पाणी घालत होती. वस्तादानं भिंतीलगतचं ते झाड पुढं ओढलं, फिरवलं आणि खो खो हसला.

"नोबुए, हे बघ! बळीची फांदी. छाटायची राहूनच गेलीय."

"अगंबाई, केवढी ही! इतकी कोण वाढवतं?"

"असेल कोणी हौशी. पोसत बसला जन्मभर."

"बळाची," चिझुरु म्हणाली.

दोघंही वळले. वस्ताद बोलत असताना शागिर्दानं मधे तोंड घालायची रीत नव्हती.

"बळाची फांदी आहे ती," ती पुन्हा म्हणाली. "बळीची नाही."

"कोणी शिकवलं गं तुला?" वस्ताद चिडला नव्हता, त्याला मजा वाटत होती. त्यानं शेजारच्या झाडाची खालची जाडजूड फांदी दाखवली. "ही बळाची. ही झाडाचा तोल धरते, ही कायमची. आणि ही," त्यानं तिच्या फांदीला टिचकी मारली, "ही बळीची. खोड जाड व्हायला हवं ना, म्हणून एक फांदी मोकाट सोडायची. ती धावते, अन्न ओढते, तिच्या धावण्यानं खोड भरतं. वर शेंडा नाजूक, देखणा. खोड हवं तेवढं झालं की फांदी खोडाला लागून कापायची. चांगलं काम कोणतं माहितेय? इथं कधी फांदी होती हे कोणाला कळतसुद्धा नाही, ते."

"आणि फांदीचं काय होतं?"

"फांदीचं?" त्यानं बायकोकडे बघितलं. "चुलीत!"

काकूही हसल्या. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. "या गृहस्थानं कापलीच नाही वेळेवर," वस्ताद पुढं म्हणाला, "म्हणून इथं खोडाला गलगंड आलाय बघ. ना फांदी धड, ना खोड धड. अगं ए, पाणी! पाणी बघ कुठं घालतेयस!"

ती एकाच कुंडीत नळी धरून उभी होती आणि माती वाहून जमिनीवर आली होती. तिनं नळ बंद केला. कान गरम झाले होते. ऐकायला जवळजवळ एकच शब्द, बळाची, बळीची, आणि मधे तिचं सगळं आयुष्य. बाबांना माहीत नव्हतं का? माहीत होतं! दर रविवारी बोन्सायच्या मंडळात जाऊन बसणारा माणूस, त्याला ही दोन नावं माहीत नसतील? जिच्या जिवावर खोड भरतं ती फांदी त्यांनी लेकीला दाखवली आणि नाव तेवढं बदलून सांगितलं. लहान पोरीला कोण सांगेल म्हणा! पण मोठी झाल्यावर? तिला आठवलं, दर हिवाळ्यात बाबा करवत घेऊन गच्चीवर बसायचे. झाडासमोर, तासभर, कानटोपी घालून. ती चहा घेऊन वर जायची तेव्हा करवत मांडीवर असायची आणि फांदी जागच्या जागी. "पुढच्या वर्षी बघू," ते चहाला म्हटल्यासारखं म्हणायचे. तेच शब्द, तोच मऊ आवाज! इतकी वर्षं तिला वाटत आलं, थंडीचा त्यांना कंटाळा येतो. अरे, मग कापायची होती! एकदाच कापायची, जखम झाली असती, ती रडली असती आणि क्योटोची गाडी धरली असती. नाही तर सांगायचं होतं सरळ, की पोरी, तुझ्यावर आम्ही जगतोय, माफ कर. दोन्ही केलं नाही. करवत मांडीवर घेऊन माया करत बसले. आणि हा वस्ताद म्हणतो पोसलं. कोणी कोणाला पोसलं? तिला ओरडावंसं वाटलं, पण ज्याच्यावर ओरडायचं तो माणूस फोटोत जाऊन बसला होता, हसऱ्या तोंडानं. मेलेल्या माणसावर राग धरणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, भिंतीला काय होतंय? रात्रभर तिनं मिटल्या मुठीत त्या सुया टोचून घेतल्या.

सकाळी वस्ताद करवतीला तेल लावत बसला होता. नवीन वर्षाला गिऱ्हाईक यायचं होतं, त्याआधी झाड आकारात आणायचं होतं. चिझुरु त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली. नोबुएकाकू चहा ओतत होत्या.

"ती फांदी मी कापते."

"तू? तुला अजून कात्रीचा वाससुद्धा घ्यायचा नाही."

"झाड माझं आहे."

त्याचा हात थांबला. तिनं सांगितलं, थोडक्यात सांगितलं. गच्ची, दलाल, भाऊ. आवाज चढू दिला नाही.

"म्हणजे शिकायला आलीच नव्हतीस."

"नाही."

"माझ्या घरचं जेवलीस, माझ्या घरात झोपलीस आणि डोळा त्या झाडावर."

"हो."

"अगं, निदान नाही तरी म्हण!" काकू कळवळून म्हणाल्या.

वस्तादाचे मोठे कान लाल झाले होते. त्यानं करवतीचे दात अंगठ्यानं चाचपले. "झाड तुझं होतं. आता माझं आहे," तो म्हणाला. "पण पाणी तू घातलंयस, ते मान्य. तर काप तूच. खोडाला लागून, माग न ठेवता. गुळगुळीत. मी माझ्या हातानं केलं असतं तसं. जमलं तर राहा, मग या झाडाला इथून पुढं हात तुझाच, गिऱ्हाईक गेलं उडत. नाही जमलं तर दुपारच्या गाडीनं ओसाका. माझ्या बागेत तुझ्यासारखी खोटी माणसं मला नकोत."

ती खोलीत गेली आणि आधी बॅग भरली. का भरली ते तिनं स्वतःला विचारलं नाही. दोन सदरे, बाबांचा फोटो, दोरी तुटलेली उन्हाची टोपी. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, हातात उदोनचा वाडगा. "खाऊन घे. आणि ऐक त्यांचं. एक फांदी गं! एवढं सगळं झाड हातात येतंय तुझ्या. बाईच्या जातीला इतकंसुद्धा कोणी देत नाही." खरं होतं ते. राग यावा इतकं खरं होतं. खोटं सांगून समजूत घालणारे परवडतात. तिनं उभ्या उभ्या वाडगा संपवला.

झाड फिरत्या पाटावर ठेवलं होतं. जवळून बघितल्यावर ते लहान वाटलं. खोडाची साल कासवाच्या पाठीसारखी भेगाळलेली, आणि फांदी फुटली होती तिथं खरंच एक फुगवटा. तिनं करवत खोडाला लावली. माग न ठेवता. हे काम तिला नवीन नव्हतं. लेथवरून निघालेल्या प्रत्येक स्क्रूची कड घासायची, बोट फिरवून बघायचं, कुठं काही लागतंय का. कोणाचा हात लागलाय हे स्क्रूला बघून कळता कामा नये. तेवीस वर्षं तिनं स्वतःचा माग पुसला होता आणि त्यात ती पटाईत होती, अख्ख्या गल्लीत तिच्याइतकं सफाईदार काम कोणाचं नव्हतं. मासाकीच्या लग्नात त्यानं भाषण केलं, बाबांच्या कष्टांबद्दल, आईच्या आठवणीबद्दल, आणि शेवटी टाळ्या पडल्या तेव्हा तीही टाळ्या वाजवत होती. एकही शब्द नव्हता तिच्यावर. तेव्हा तिला वाटलं होतं, विसरला. विसरला नव्हता तो. त्याला दिसलंच नव्हतं. जखम भरली होती आणि साल वरून आली होती.

तिनं करवत उचलली. खोडापासून वीतभर पुढं नेली आणि तिथं लावली. दात लाकडात शिरले, राळेचा तिखट वास आला, बाबांच्या गच्चीचा, तिच्या तळव्याचा वास. फांदी पडली तेव्हा फारसा आवाज झाला नाही. मग तिनं चाकू घेतला आणि उरलेल्या खुंटाची साल सोलायला लागली. थंडीत साल सुटत नाही, चिवटपणे धरून बसते, खरवडावी लागते. ती खरवडत राहिली. अंगठा कापला, रक्त पांढऱ्या लाकडाला लागलं, तिनं ते बाहीनं पुसलं आणि पुन्हा खरवडलं. आतलं लाकूड ओलं होतं आणि पांढरंफेक, दुधासारखं. पुढून बघितलं तर झाडाच्या ऐन दर्शनी भागात ते हाड बाहेर आलेलं. शेंड्याकडे नजर जायची तर आधी त्याला ओलांडून जावं लागत होतं. जाऊ दे ओलांडून! बघू दे सगळ्यांना.

वस्ताद येऊन मागं उभा राहिल्याचं तिला त्याच्या श्वासावरून कळलं.

"मी काय सांगितलं होतं?"

"माग ठेवू नकोस."

"मग हे काय आहे?"

"माग."

"असं हाड ठेवतात ते डोंगरातल्या झाडांवर. वीज पडलेली, बर्फानं मोडलेली झाडं असतात ती. या झाडानं गच्चीवर बसून असं काय भोगलंय?"

"झाडानं नाही," ती म्हणाली. "फांदीनं."

त्यानं कुंडीला हात घातला आणि पाट असा फिरवला की खुंट मागं गेला. तिनं पाट परत फिरवला. त्यानं पुन्हा हात घातला नाही. "बॅग भर," तो म्हणाला.

"भरलीय."

ती उठली. खोलीतून बॅग घेतली, काकूंना वाकून निरोप दिला. काकू पदरानं डोळे टिपतात तशा ॲप्रनचं टोक डोळ्यांना लावत होत्या आणि "आग लागो तुमच्या दोघांच्या हट्टाला" असं पुटपुटत होत्या. फाटकापाशी पोचल्यावर चिझुरु थांबली. आता करवतीचा आवाज येईल. वस्ताद तो खुंट खोडाला लागून कापेल, वर मलम लिंपेल, दोन-चार वर्षांत साल येईल आणि कोणाला कळणारही नाही. ऐकल्याशिवाय जायचं नाही, असं तिनं ठरवलं. आयुष्यात एकदा तरी आपल्याला कापल्याचा आवाज आपल्या कानांनी ऐकावा.

करवतीचा आवाज आला नाही. मागून काहीतरी चरचरलं, मग थांबलं, मग पुन्हा चर्र झालं, ओलं लाकूड उभं फाटतं तसं. ती वळली. वस्ताद पाटासमोर वाकून बसला होता, पक्कडीच्या तोंडात खुंटाचं टोक धरून एकेक तंतू खाली ओढत होता. तिनं चाकूनं गोल, बोथट करून ठेवलेलं टोक आता मोडल्यासारखं, विजेनं फोडल्यासारखं दिसायला लागलं होतं. तो मान तिरकी करून बघत होता, कपाळाला आठ्या, आणि स्वतःशीच बोलत होता. "मांजरानं ओरबाडल्यासारखं केलंय. लाकूड जातंय त्या दिशेनं ओढायचं, एवढंसुद्धा कळत नाही. ठेवायचं तर असं ठेवावं की बघणाऱ्याच्या छातीत कळ आली पाहिजे."

तिला बरं वाटायला हवं होतं. तिच्या जागी दुसरी कोणी असती तर रडली असती, पाया पडली असती. चिझुरुच्या कानशिलाच्या शिरा तटतटल्या. बाबांनी फांदीला खोटं नाव दिलं, मासाकीनं ती विकली, आणि आता उरलेल्या वीतभर हाडालाही यानं आपला हात लावायचा, आपल्या हातचं करायचं! बघणाऱ्याच्या छातीत कळ म्हणे. कोणाच्या छातीत? तिनं बॅग फाटकातच आपटली. फाटक भिंतीवर जाऊन वाजलं, काकू दचकून मागं सरल्या आणि रांगांमधून पाय आपटत, पाणी घातलेल्या कुंड्यांना धक्के देत ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिनं हात पुढं केला, रक्तानं माखलेला अंगठा तसाच.

"ती फांदी माझी आहे," ती ओरडली, इतक्या मोठ्यानं की शेतातली माणसं वळून बघायला लागली. "पक्कड द्या इकडे."